कष्टकऱ्याने ध्यान कसे करावे?



ध्यानावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस उभा राहिलेला पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझे शाळेतले शिक्षण थोडे. पुढे जे शिकलो ते वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत. म्हणून समाधी, कुंडलिनी, मोक्ष हे विषय मी अधिकारी मंडळींवर सोपवतो. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाला दहा मिनिटांत काय साधता येईल, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

प्रथम एका आक्षेपाचा विचार करू. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका बाईने मला विचारले, "भाऊ, डोळे मिटून बसल्यार पगार वाढतलो काय?" प्रश्न रास्त आहे. ध्यानाने पगार वाढत नाही. तो वाढतो संघटनेने, मागणीने आणि एकीने. कामाचा बोजा दुप्पट करायचा आणि माणूस थकला की त्याला डोळे मिटायला सांगायचे, असे कोणी करू लागला तर त्याचा हेतू आपण ओळखला पाहिजे. मजुरीच्या जागी ध्यान देऊन हिशेब मिटत नाही.

पण म्हणून ध्यान ही रिकामटेकड्यांची चैन ठरत नाही. स्वस्थ बसायला वेळ लागतो, आणि तो वेळसुद्धा कामगारांनी झगडून मिळवलेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १८९० साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. त्या गिरण्यांत आपल्या कोकणातल्या किती घरांनी घाम गाळला, हे येथे बसलेल्यांना सांगायला नको. ही उसंत आपल्या वाडवडिलांची कमाई आहे. ती कशी वापरायची हे ठरवण्याचा हक्कही आपलाच आहे.

आता पद्धतीकडे वळू. आपल्या महाराष्ट्रात इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यनेचे केंद्र आहे. त्याचा आरंभ १९७६ सालचा. ते उभारणारे सत्यनारायण गोएंका हे मंडालेत जन्मलेले व्यापारी. अर्धशिशीवर उपाय शोधता शोधता ते या साधनेकडे वळले. त्यांचे गुरू ऊ बा खिन हे ब्रह्मदेश सरकारच्या हिशेबखात्याचे वरिष्ठ अधिकारी होते. गुरू आणि शिष्य दोघेही प्रपंचात राहून काम करणारे होते, हे मला महत्त्वाचे वाटते. इगतपुरीचे शिबिर दहा दिवसांचे असते, मौन पाळावे लागते, पण फी नसते; पूर्वी शिबिर केलेल्यांच्या दानावर खर्च चालतो. १९९४ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात एक हजाराहून अधिक कैदी अशा शिबिरास बसले होते. या शिबिराचे पहिले तीन दिवस केवळ श्वास पाहण्यात जातात. पाली भाषेत त्याला आनापान म्हणतात. दहा दिवसांची रजा सर्वांना कोठून मिळणार? परंतु श्वास पाहण्याचा हा पहिला धडा घरी गिरवता येतो.

तो असा. चटईवर बसा; गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा. पाठ ताठ, पण खांदे सैल. डोळे मिटा. नाकपुड्यांशी श्वास आत येतो आणि बाहेर जातो, तेवढे पाहा. तो लांबवू नका, रोखू नका. ध्यान म्हणजे प्राणायाम नव्हे. थोड्याच वेळात मन पळेल: उसनवारी, मुलीची परीक्षा, शेजाऱ्याचा बांध. पळाले हे ध्यानात आले की न चिडता पुन्हा श्वासाकडे या. नांगरलेली होडीदेखील लाटेवर हलते, पण दोर तिला दूर जाऊ देत नाही. आपला दोर श्वास. मन शंभर वेळा पळाले आणि शंभर वेळा परत आणले, तर शंभर वेळा अभ्यास झाला असे समजा. ज्यांना हे जमत नाही त्यांनी प्रत्येक श्वास सोडताना एक ते दहा आकडे मोजावे. इगतपुरीच्या पद्धतीत मोजणे नाही, पण इतर बौद्ध परंपरांत आहे. आरंभी पाच मिनिटे पुरेत. महिनाभराने दहा करा. वेळ मात्र रोज एकच ठेवा.

याने काय मिळते? श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, हे शरीरशास्त्र सांगते. २०१४ साली अमेरिकेत ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यांत मिळून ३,५१५ माणसे होती. चिंता, खिन्नता आणि वेदना काही प्रमाणात कमी झालेल्या आढळल्या. मात्र औषध किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस आहे, असे काही दिसले नाही. तेव्हा गुण आहे, चमत्कार नाही. चालू औषध बंद करू नका. मनाचा मोठा आजार असेल, किंवा बसल्यावर घाबरे होऊ लागले, तर थांबा आणि डॉक्टरांना विचारा.

मला आपल्या लोकांत दिसते ते असे, की वरिष्ठाने केलेला अपमान माणूस दिवसभर गिळतो आणि संध्याकाळी तो राग बायकोवर आणि पोरांवर काढतो. ज्याने अन्याय केला तो सुखाने जेवतो आणि ज्याचा दोष नाही ते लेकरू मार खाते. राग आला आहे, हे हात उचलण्यापूर्वी एक क्षण जरी कळले, तरी त्या घरातले मूल वाचते. तो एक क्षण ओळखण्याची सवय या दहा मिनिटांत लागते. वाटाघाटीतही तेच घडते. आपला माणूस भडकला की समोरचा मागणीचे बोलणे सोडून त्याच्या आवाजाचे बोलू लागतो, आणि मागणी बाजूला पडते. जो शांत राहतो त्याला आपला मुद्दा शेवटपर्यंत धरून ठेवता येतो.

अन्यायाची चीड जाऊ देऊ नका. ती योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसापुढे मांडता यावी, यासाठी मन ताब्यात हवे. उद्यापासून पाच मिनिटे बसून पाहा. महिन्याने घरच्या माणसांना विचारा की काही फरक दिसतो का. त्यांचे उत्तर माझ्या व्याख्यानापेक्षा अधिक खरे असेल.