पोथ्या वेचणारा वकील



एखाद्या वस्तूच्या नादी लागलेल्या माणसाला आपण छांदिष्ट म्हणतो, आणि पुढच्या पिढीला त्या वस्तूची गरज पडली म्हणजे त्यालाच द्रष्टा म्हणू लागतो. हवेच्या गादीवर तरंगणाऱ्या होव्हरक्राफ्टचे असे छांदिष्ट इंग्लंडात आहेत. इंग्लिश खाडीतून १९६८ पासून मोटारींसह उतारू नेणारी प्रचंड होव्हरक्राफ्ट २००० साली बंद पडली. अखेर उरलेल्या दोहोंपैकी एक २०१८ साली मोडीत निघाले. दुसरे या मंडळींच्या खटपटीने वाचले. डोंगराएवढ्या यंत्राची ही गत, तर फडक्यात बांधलेल्या पोथीची काय कथा?

म्हणूनच आज मला आपल्या यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे (१८८४–१९७०) आठवतात. पेशा वकिलीचा, ओढा मात्र जुन्या हस्तलिखितांचा. येथील शारदाश्रमाच्या द्वारे त्यांनी जे काम केले, त्यात महानुभाव पंथाच्या पोथ्यांचा शोध मुख्य होता.

हे काम अवघड का होते? महानुभावांनी आपले ग्रंथ मठांतून जिवापाड जपले. परंतु पुष्कळसे सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. या लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर योजलेले असते. किल्ली ठाऊक नसेल, तर पोथी हाती असूनही वाचकाला ती मुकीच! विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्या प्रयत्नांनी हे कोडे उलगडू लागले. पण कुलूप उघडले म्हणजे घरातील चीजवस्तूंची यादी आपोआप होत नाही. ती कोणीतरी बसून करावी लागते. देशपांड्यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ १९२५ साली निघाला, आणि या दडलेल्या वाङ्मयाचा विस्तार मराठी वाचकांच्या ध्यानी आला.

त्याने आपले काय साधले? तेराव्या शतकातील मराठी माणूस केवळ ओवीच रचत नव्हता; तो उत्तम गद्यही लिहीत होता, हे आपल्याला कळले. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' पाहा. त्यात स्वामी चालतात, जेवतात, शिष्यांशी बोलतात, आणि हे सारे घरातल्या साध्या मराठीत! त्याची मूळ प्रत धामधुमीत हरवली व शिष्यांनी आठवणीवरून ती पुन्हा सिद्ध केली, असे परंपरा सांगते. तेव्हा आठवण ठेवणारे होते. आज आपल्या माळ्यावरची पोथी वाळवीने खाल्ली, तर ती कोण आठवून सांगणार?

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजोबा-पणजोबांचे एखादे दप्तर असेल. वाचता येत नाही म्हणून ते रद्दीत घालू नका, पुण्य म्हणून नदीतही सोडू नका. कोरड्या जागी ठेवा. कोणत्या गावचे, कोणाच्या घरचे, एवढे एका चिठ्ठीवर लिहून सोबत बांधा, आणि जाणत्याला दाखवा.

संग्राहकाचे स्मारक दगडाचे नसते. त्याने वेचलेले पान पुढच्याने वाचले, की त्याचे श्राद्ध झाले. ते आपल्या हातून घडो, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.