विमाननिर्मिती आणि नियोजनाची साधना

(अभियांत्रिकीचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



विमान-क्षेत्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम वैमानिक उभा राहतो. त्याचे साहस वादातीत आहे. परंतु विमान धावपट्टीवर येण्यापूर्वी हजारो हातांचे काम एका सूत्रात ओवावे लागते. कोणता भाग कोणी, केव्हा आणि कोणत्या दर्जाचा द्यायचा, तो उशिरा आला तर पुढचे कोणते काम अडेल, याचा अखंड हिशेब ठेवतो तो प्रकल्प व्यवस्थापक. आज त्याच्याविषयी बोलायचे आहे.

भारतातील विमाननिर्मितीचा पाया मूळ सोलापूरच्या एका उद्योगपतीने घातला, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ची स्थापना केली. आजची ‘एचएएल’ त्यातूनच उभी राहिली. याच कारखान्यात घडलेल्या ‘मरुत’ या लढाऊ विमानाने १७ जून १९६१ रोजी पहिले उड्डाण केले. १९७१च्या युद्धात त्याने पराक्रमही गाजविला. रचना उत्तम होती. पण ज्या अधिक शक्तिशाली इंजिनाच्या भरवशावर ती केली होती, ते इंजिन कधीच हाती आले नाही. कमी शक्तीच्या इंजिनावर भागवावे लागले आणि विमानाचे सामर्थ्य पुरते प्रकट झालेच नाही.

प्रकल्प व्यवस्थापनात ‘क्रिटिकल पाथ’ अशी एक संज्ञा आहे. प्रकल्पातील कामांची सर्वांत लांब साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. तिच्यातील एक कडी एक दिवस लांबली की सारा प्रकल्प एक दिवस लांबतो. उरलेली नव्याण्णव कामे वेळेत झाली तरी त्यांचा उपयोग नाही. ‘मरुत’ची ती कडी इंजिन होती.

‘तेजस’ची कथा आपणांस अधिक परिचित आहे. १९८४ मध्ये त्यासाठी एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी स्थापन झाली. १९९८च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले आणि उड्डाण-नियंत्रण प्रणालीवरील सहकार्य थांबले. आपल्या अभियंत्यांनी ते काम बंगळूरला पूर्ण केले आणि ४ जानेवारी २००१ रोजी विमान आकाशात झेपावले. अटलजींनी २००३ मध्ये त्याचे ‘तेजस’ असे नामकरण केले. ही स्वाभिमानाची बाजू झाली. पण वायुदलाच्या पहिल्या तुकडीत तेजस दाखल व्हायला १ जुलै २०१६ उजाडला. बत्तीस वर्षे! याचे सारे खापर परकीयांवर फोडून चालणार नाही. २०२१ मध्ये ८३ विमानांचा करार झाला आणि पहिले आयात इंजिन मिळाले ते मार्च २०२५ मध्ये. ‘मरुत’च्या वेळची कडी पुन्हा तीच! बुद्धिमत्ता आपल्याकडे विपुल आहे. उणीव आहे ती धोका आधी ओळखून पर्याय सिद्ध ठेवणाऱ्या नियोजकांची.

आणि हे काम आता आपल्या दाराशी आले आहे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात तेजसच्या निर्मितीची नवी साखळी सुरू झाली. तिची क्षमता वर्षाला आठ विमानांची आहे. अशा कारखान्यामागे सुटे भाग पुरविणारे अनेक लघुउद्योग उभे राहतात आणि त्या प्रत्येकाला वेळापत्रक व दर्जा सांभाळणारी माणसे लागतात.

या वाटेवर जायचे कसे? एरोनॉटिकल, यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स वा संगणक, कोणत्याही शाखेची पदवी चालेल. मात्र पदवीनंतर थेट व्यवस्थापकाची खुर्ची शोधू नका. आधी काही वर्षे कारखान्यात, तपासणी विभागात, सुट्या भागांच्या खरेदीत घालवा. रिव्हेट कशी बसते हे ज्याने पाहिले नाही, तो तिला किती वेळ लागेल हे काय सांगणार? नागरी विमानांसाठी डीजीसीए आणि लष्करी विमानांसाठी सेमिलॅक यांची प्रमाणन-पद्धती अभ्यासा. ‘एएस ९१००’ हे गुणवत्तेचे मानक समजून घ्या. पदवीधराने प्रकल्प हाताळण्याचा तीन वर्षांचा अनुभव घेतल्यावर पीएमपी परीक्षेचा विचार करावा. प्रमाणपत्र अनुभवाला मान्यता देते, अनुभवाची जागा घेत नाही.

पालकांना एक विनंती. मुलाचे मोल केवळ पहिल्या वर्षाच्या पॅकेजवर करू नका. या क्षेत्रात फळ उशिरा मिळते, पण ते टिकते.

सर्वांत महत्त्वाचा गुण मात्र कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. तो म्हणजे सत्य वेळेवर सांगण्याचे धैर्य. ‘साहेब, हे काम मार्चमध्ये होणार नाही, जून लागेल’ हे वाक्य जानेवारीतच उच्चारणारा माणूस प्रारंभी अप्रिय ठरतो. पण गोड अहवालावर विमान उडत नाही, आणि घाईने मिटविलेल्या त्रुटीची किंमत वैमानिकाला मोजावी लागते. वेळ पाळणे आणि नेमून दिलेले काम चोख करणे हे संस्कार आपल्याला शाखेच्या मैदानावर मिळतात. त्याच अनुशासनाची आज कारखान्यांना गरज आहे. नाव वैमानिकाचे होईल, छायाचित्र नेत्यांचे येईल. आपण पायाचा दगड व्हायचे. ज्याला यात आनंद वाटतो, त्याने या क्षेत्रात अवश्य यावे.

भारतमाता की जय!