केळीच्या खोक्याला भोकं का?

ऑनलाइन मिक्सर मागवला की येतो तो चार फ्लॅप चिकटवलेला साधा खोका. आमच्या रावेर-सावद्याची केळी मात्र परदेशी जाते ती दोन भागांच्या खोक्यात. खालच्या पेटीवर झाकण पार तळापर्यंत बसतं, भिंत दुहेरी होते. आत साधारण 13 किलो माल. आणि भोकं? अहो, केळी तोडल्यावरही श्वास घेते, गरम होते! कंटेनरमधली 13-14 अंशांची गार हवा फण्यांपर्यंत पोचायला हवी. म्हणून मी तर म्हणतो, थप्पी लावताना कोपऱ्यावर कोपरा बघाच. वजन कोपरेच पेलतात. खोका सरकला तर तो दबतो, भोकंही बुजतात. केळी वाटेतच पिकायला लागते. मग भाव कोण देणार? पुठ्ठा भिजला तरी तेच.