हार्डविक हॉल : काचांचा वाडा



आज जाऊ या इंग्लंडमधल्या डर्बीशायरला.
तिथं एका टेकडीवर उभा आहे हार्डविक हॉल.
वारसा वास्तूंच्या यादीत तो पहिल्या श्रेणीत आहे.

एलिझाबेथ राणीच्या काळातली ही वास्तू.
बांधकाम सुरू झालं 1590 मध्ये.
बांधून घेणारी होती बेस, श्रूजबरीची काउंटेस.
आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा, असं मानतात.

त्या काळी काच फार महाग.
आणि इथं तर भिंत कमी, काच जास्त!

मग एवढ्या खिडक्या बाहेरच्या भिंतींना पेलल्या कशा?
धुराडी घेतली आतल्या जाड भिंतींत.
त्यामुळे बाहेरच्या भिंती मोकळ्या झाल्या.
तिथं काच बसली.
मला ही युक्ती फार मोलाची वाटते.
दिसते काच, पण खरं काम आतल्या भिंतीचं.

आणखी एक गंमत ऐका.
वरच्या मजल्याच्या खिडक्या सर्वांत उंच आहेत.
कारण मानाची दालनं तिथंच, अगदी वर.

पुन्हा सांगते, भिंत कमी, काच जास्त.

आणि मालकीण कोण, हे विचारावं लागत नाही.
बुरुजांच्या माथ्यावर, दगडात, बेसची आद्याक्षरं कोरलेली आहेत.