पडद्यावरचे मल्ल आणि मावळचा पट्टा

गेल्या दिवाळींत मी भोरास धाकट्या बहिणीकडे गेलों होतों. तिचा नातू टेलिव्हिजनच्या पडद्यापुढें बसून 'स्ट्रीट फायटर' नांवाचा जपानी खेळ खेळत होता. याचा दुसरा भाग १९९१ मध्यें निघाला आणि जगभर गाजला. "आजोबा, तुम्ही कोण घेतां?" त्यानें विचारलें. मीं अर्थातच हिंदुस्थानचा गडी मागितला. पुढें आला तो धालसिम: गळ्यांत कवट्यांची माळ, रबरासारखे लांबणारे हातपाय, तोंडांतून ज्वाळा ओकणारा योगी! मागें हत्तींची रांग. मला हंसूं आलें, पण पोरानें सहज विचारलें, "आपल्याकडे खरे लढणारे कोणी नव्हते कां?"

हा प्रश्न त्यानें भोरांत बसून विचारावा! ज्या हिरडस मावळांतून बाजीप्रभु देशपांडे निघाले आणि १३ जुलै १६६० रोजीं घोडखिंडींत पडले, तें मावळ येथलेंच. पलीकडच्या वेल्ह्याच्या डोंगरांत राजगड आणि तोरणा उभे आहेत. अन् हत्तीच हवा असेल, तर भुतोंड्याचे येसाजी कंक आहेत. १६७७ सालीं गोवळकोंड्यास कुतुबशहासमोर त्यांनीं मत्त हत्तीशीं झुंज दिली, असें परंपरा सांगते. इतिहासाच्या कसोटीस ही कथा कितपत उतरेल हा प्रश्न निराळा. मुलास सांगतांना मीं तो काढला नाहीं.

मग पट्ट्याची गोष्ट निघाली. दांडपट्ट्याचें पातें लांब, सरळ व लवचिक असतें. मूठ म्हणजे कोपराकडे जाणारा लोखंडी खोबळा. त्याच्या आंत आडवी दांडी धरावयाची. त्यामुळें तलवारीप्रमाणें मनगट वळत नाहीं. वार खांद्यांतून आणि कमरेंतून निघतो, आणि पाय चुकला कीं सारें चुकलें. पट्टेकरी जमिनीवर ठेवलेलें लिंबू कापून दाखवतो, तेव्हां प्रेक्षक लिंबाकडे पाहतात. पाहावयाचे असतात ते त्याचे पाय.

चित्रकथांत हें दिसत नाहीं. १९६७ पासून निघालेल्या 'अमर चित्र कथा' मालिकेनें शिवाजीमहाराज व तानाजी घरोघर पोहोंचविले, हे तिचे उपकार मोठे. परंतु चित्राच्या चौकटींत वार गोठून राहतो, पाऊल कोठून आलें तें कळत नाहीं. त्या मानानें हे पडद्यावरचे खेळ, त्यांचें रूप कितीही विचित्र असो, एका बाबतींत खरे आहेत. धालसिमचा हात लांब जातो खरा, पण तो परत येईपर्यंत त्याचें अंग उघडें पडतें. हें मला त्या पोरानेंच दाखविलें, दहा वेळां हरवून. लांब पल्ल्याच्या शस्त्राचें मर्म हेंच. म्हणून पट्टा फिरता ठेवावा लागतो, थांबला कीं धोका. ज्यांनीं हें ओळखलें त्यांना पट्टा मात्र ठाऊक नसावा, याची मला चुटपुट लागली. त्यांच्याच देशांतल्या 'सोल कॅलिबर' या खेळांत कट्यारी आहेत, पण त्या एका इटालियनाच्या हातीं!

महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं दांडपट्ट्यास राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलें. चांगलें झालें. तरीही खोबळ्यांत हात घालणारीं मुलें किती, हें मी कोणास विचारीत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं भाटघरच्या जलाशयाच्या कडेनें आम्ही भुतोंड्यास गेलों. वाटेंत पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, त्या हत्तीचें पुढें काय झालें?" सोंडेची हकीकत मीं टाळली.