अर्धशिशी, त्वचेची वेदना आणि तप



अर्धशिशी केवळ मस्तकात राहत नाही. कित्येकांना त्या वेळी केसांतून फणी फिरविणे, उशीला गाल टेकणे, अंगावरील वस्त्राचा स्पर्शही सोसवत नाही, मान-खांदे दुखतात. वैद्यकशास्त्रात यास ‘ॲलोडिनिया’ म्हणतात. मेंदूतील वेदनाग्राही पेशी अतिसंवेदनशील झाल्याने हे घडते. ते ढोंग नव्हे, हे निदान घरच्या सुनेविषयी बोलताना तरी ध्यानी घ्यावे! त्वचा दुखू लागण्यापूर्वी घेतलेल्या ट्रिप्टान औषधाचा गुण कितीतरी अधिक येतो, असे बोस्टनचे डॉ. रामी बर्स्टीन व सहकाऱ्यांना २००४ साली आढळले.

दीर्घकाळ उपाशी राहणे हे अर्धशिशीचे ज्ञात निमित्त आहे. आचार्यसम्राट आनंदऋषीजींच्या या जन्मजिल्ह्यात पर्युषणात अठ्ठाई करणारी घरे पुष्कळ. चौविहार उपवासाचे पच्चक्खाण घेतल्यावर वेळेवर गोळी घेता येत नाही. म्हणून अर्धशिशी असलेल्या तपस्वींनी पच्चक्खाणापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ऊणोदरीही बारा तपांतीलच एक तप आहे.