न मागता द्यावयाची माहिती

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यासाठी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शासकीय कारभारातील पारदर्शकतेचा विषय निघाला, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर माहितीच्या अधिकाराचा अर्ज उभा राहतो. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, अपील आणि सुनावणी असे ते चित्र असते. अर्जाचे महत्त्व मोठे आहेच. परंतु माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ उघडून पाहिला, तर अर्जाची तरतूद कलम ६ मध्ये येते आणि तिच्याआधी कलम ४ येते. ते नागरिकाला काहीच करावयास सांगत नाही. सारे कर्तव्य कार्यालयावर टाकते. कोणी विचारण्यापूर्वीच कार्यालयाने आपली माहिती लोकांपुढे ठेवावी, म्हणजे लोकांना अर्ज करण्याची गरज कमीत कमी पडेल, असा हेतू त्याच कलमात स्पष्ट शब्दांत नोंदला आहे. कायद्याने ठरविलेला हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला ही कल्पना नवी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १५० पाहावे. तलाठ्याने फेरफाराची नोंद केली, की तिची संपूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावावयाची आणि हितसंबंधितांना लेखी सूचना द्यावयाची, असा दंडक त्यात आहे. ती नोंद कोणी मागावी लागत नाही. वारसाचे नाव वगळले गेले असेल किंवा क्षेत्र चुकले असेल, तर नोंद प्रमाणित होण्याआधी हरकत घेता यावी, हा त्यामागील व्यवहार आहे. वेळेवर लावलेला एक कागद पुढील अनेक वर्षांची कोर्टकचेरी वाचवू शकतो. तोच कागद लावला गेला नाही, तर ज्याची जमीन त्यालाच ती गेल्याचे शेवटी कळते.

महसुली दप्तरात रुजलेले हे तत्त्व उर्वरित कारभारात येण्यास मात्र फार काळ लागला. परकीय सत्तेने १९२३ मध्ये केलेल्या शासकीय गुपिते अधिनियमाची छाया स्वातंत्र्यानंतरही कचेऱ्यांवर राहिली. १९७५ मध्ये उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध राज नारायण या खटल्यात, लोकप्रतिनिधी व अधिकारी सार्वजनिक रीतीने जे जे करतात ते जाणून घेण्याचा लोकांना अधिकार आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. तत्त्व मान्य झाले. परंतु कागद लोकांच्या हाती आला नव्हता.

तो हाती यावा म्हणून आवाज उठविला तो राजस्थानातील कष्टकऱ्यांनी. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराणा येथे जनसुनावणी भरविली. विकासकामांची देयके व मजुरांचे हजेरीपट तेथे गावासमोर मोठ्याने वाचले गेले. कागदावर कोणाची नावे आहेत आणि प्रत्यक्षात कामावर कोण होते, याचा ताळा गावकऱ्यांनीच घेतला. १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे झाले. तमिळनाडू व गोवा या राज्यांनी १९९७ मध्ये माहितीच्या अधिकाराचे कायदे केले. महाराष्ट्राने २००० मध्ये कायदा केला व तो अपुरा वाटल्याने २००२ मध्ये अधिक व्यापक कायदा आणला. त्यासाठी अण्णा हजारे यांनी केलेली आंदोलने सर्वपरिचित आहेत. पुढे संपूर्ण देशासाठी २००५ चा अधिनियम आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून तो पूर्णपणे अमलात आला.

या अधिनियमाच्या कलम ४ मध्ये सतरा बाबी सांगितल्या आहेत. कार्यालयाची रचना व कामे, अधिकाऱ्यांचे अधिकार, निर्णय घेण्याची पद्धत, कर्मचाऱ्यांचे मासिक वेतन, अंदाजपत्रकातील तरतूद व झालेला खर्च, अनुदानाच्या योजना व लाभार्थ्यांचा तपशील, दिलेले परवाने व सवलती, जन माहिती अधिकाऱ्याचे नाव या त्यांपैकी काही होत. अधिनियम संमत झाल्यापासून १२० दिवसांत ही माहिती प्रसिद्ध करावयाची होती आणि दर वर्षी ती अद्ययावत करावयाची आहे. याखेरीज, निर्णयाची झळ ज्यांना पोचते त्यांना त्या निर्णयाची कारणे सांगणे, हेही कार्यालयाचे कर्तव्य ठरविले आहे.

ही माहिती कशी द्यावी? संकेतस्थळावर एक जाडजूड दस्तऐवज चढविला, की काम संपले, असा समज काही ठिकाणी दिसतो. कायद्याची अपेक्षा त्याहून बरीच पुढे जाते. खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागातील सर्वांत परिणामकारक साधन यांचा विचार करावा, असे तो सांगतो. सूचनाफलक, वृत्तपत्रे आणि जाहीर उद्घोषणा ही साधने त्याने इंटरनेटबरोबरच मोजली आहेत. म्हणजे ग्रामपंचायतीच्या भिंतीवरील फलक आणि गावातील दवंडी यांनाही कायद्याची मान्यता आहे.

रस्त्याच्या कामाचे उदाहरण घ्यावे. काम कोणते, लांबी किती, मंजूर रक्कम किती, मक्तेदार कोण, काम कधी सुरू होऊन कधी संपावयाचे आणि आजवर किती रक्कम अदा झाली, एवढ्या सहा ओळी कामाच्या जागी मराठीत लिहिल्या, तर जाणारा-येणारा प्रत्येक जण त्या कामाचा राखणदार होतो. शाळेला मिळालेले अनुदान व त्याचा विनियोग फलकावर आला, तर शिक्षण हक्क कायदा, २००९ ने अनुदानाच्या वापरावर देखरेख करण्याचे जे काम शाळा व्यवस्थापन समितीवर सोपविले आहे, त्याला आधार मिळतो. मुख्याध्यापकावरील नाहक संशयही तेथेच मावळतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नेही अधिसूचित सेवा, त्यांची मुदत, शुल्क व पदनिर्देशित अधिकारी यांची माहिती फलकावर लावणे बंधनकारक केले आहे. दाखला किती दिवसांत मिळतो आणि त्याला किती शुल्क पडते, हे ज्याला भिंतीवर वाचता येते, त्याला मध्यस्थाची गरज उरत नाही.

प्रकटीकरणाला मर्यादाही आहेत. देशाची सुरक्षितता, चालू असलेला तपास, व्यक्तीचे खाजगी जीवन यांसारखे अपवाद कलम ८ मध्ये आहेत. त्यातील व्यक्तिगत माहितीच्या खंडाचे शब्द डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने बदलले. कलम ४ मधील लाभार्थ्यांच्या तपशिलाच्या बाबीत मात्र त्याने बदल केलेला नाही. त्यामुळे येथे तारतम्य हवे. घरकुल कोणत्या निकषावर व कोणाला मिळाले, हे गावाला कळावयास हवे. त्या व्यक्तीचा बँक खाते क्रमांक, आधार क्रमांक किंवा आजार फलकावर येण्याचे काहीच कारण नाही.

या साऱ्याचा पाया दप्तर हा आहे. कलम ४ चा प्रारंभच अभिलेखांची सूची व अनुक्रमणिका नीट ठेवण्याच्या कर्तव्याने होतो. ज्या कार्यालयाला आपलीच धारिका सापडत नाही, ते लोकांना काय दाखविणार? इतिवृत्त वेळेवर लिहिणे आणि नोंदवहीतील पानांना क्रमांक घालणे ही कामे किरकोळ वाटतात. परंतु प्रामाणिक अधिकाऱ्याचा सर्वांत भक्कम बचाव अखेर त्यांतूनच उभा राहतो. कारणांसह लिहिलेला व वेळीच जाहीर झालेला निर्णय पुढे कोणी फिरवू पाहिला, तर साक्षीला सारे गाव असते.

अर्जाला विनाकारण विलंब लावणाऱ्या अधिकाऱ्यास दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम ४ मधील माहिती प्रसिद्ध न केल्याबद्दल अशी थेट दंडाची तरतूद नाही. कदाचित म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होत आले असावे. १७ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, केंद्रीय व राज्य माहिती आयोगांनी या कलमाच्या अंमलबजावणीवर सातत्याने लक्ष ठेवावे, असा आदेश दिला. आयोग आपले काम करतील. परंतु प्रत्येक गावच्या भिंतीवर आयोगाची नजर पोचणार नाही. तेथे ग्रामसभेचीच नजर हवी.

एकाच विषयावर पुन्हापुन्हा अर्ज येऊ लागले, तर कार्यालयाने त्रासून न जाता ती माहिती आजवर फलकावर का लागली नाही, हे तपासावे. सदस्यांनी ग्रामसभेत जमाखर्चाचे वाचन घाईने उरकू न देता सावकाश करवून घ्यावे. शिक्षकांनी फलकावरील आकडे वाचण्याची व त्यांचा अर्थ लावण्याची सवय मुलांना लावावी. एवढे झाले, तर आपल्या हक्काचा कागद पाहण्यासाठी कोणाही शेतकऱ्याला किंवा मजुराला कचेरीच्या दारात हात जोडून उभे राहावे लागणार नाही.